पन्नाशीत पहिला अल्बम : कॅथरिन रसेल आणि गाणाऱ्या घराचा वारसा

धंतोलीची सूरपेटी

नमस्कार मंडळी,

डॉ. वसंतराव देशपांडे स्मृती समारोह आटोपला की आपल्याकडे नागपुरात एक चर्चा हमखास रंगते. गवयाच्या घरात जन्मलेल्या मुलाला गाणे आयते मिळते काय, आणि मिळत असेल तर नेमके काय मिळते? दरवेळी उदाहरणे आपल्याच परंपरेतली येतात. या वेळी एका जॅझ गायिकेची कारकीर्द मांडावी असे वाटते, कारण या प्रश्नाचे तिच्या आयुष्याने दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते.

तिचे नाव कॅथरिन रसेल. जन्म १९५६ चा, न्यू यॉर्कचा. वडील लुइस रसेल हे पियानोवादक, संगीतरचनाकार आणि वाद्यवृंदप्रमुख. जॅझचे विख्यात ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँग यांच्यामागे वर्षानुवर्षे जो वाद्यवृंद वाजत असे तो यांचा. आई कार्लिन रे गायिका, गिटारवादक आणि बासवादक. ज्युलिअर्डसारख्या संस्थेतून रीतसर शिकलेल्या. आईचे वडील एलिशा रे हेही वादकच. इतके सगळे घरात असताना कॅथरिन यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम 'कॅट' निघाला तो २००६ मध्ये, म्हणजे वयाच्या पन्नाशीत.

वडिलांची गोष्ट आधी सांगते, कारण त्याशिवाय मुलीची समजणार नाही. लुइस रसेल १९०२ मध्ये पनामात, बोकास देल तोरोजवळच्या एका लहान बेटावर जन्मले. त्यांचे वडीलही शिक्षक आणि संगीतकार होते, त्यामुळे व्हायोलिन, गिटार, ट्रॉम्बोन, पियानो असे सगळे हात फिरवून झाले होते. पुढे ते पनामातच मूकपटांना साथ करू लागले. १९१९ मध्ये त्यांना लॉटरीत तीन हजार डॉलर लागले आणि त्या पैशांवर ते आई व बहिणीसह न्यू ऑर्लिन्सला गेले. जॅझ ज्या शहरात घडत होते तिथे ते घडण्याच्या काळातच एक परदेशी तरुण पोचला. तिथून शिकागो, मग किंग ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदात पियानो, मग न्यू यॉर्क, आणि १९२७ पासून स्वतःचा वाद्यवृंद.

त्या वाद्यवृंदाची १९२९-३० ची ध्वनिमुद्रणे आजही ऐकावीत अशी आहेत. रेड ऍलन यांचा ट्रम्पेट, हिगिनबॉथम यांचा ट्रॉम्बोन, अल्बर्ट निकोलस यांचे क्लॅरिनेट, पॉल बार्बरिन यांचे ड्रम आणि पॉप्स फॉस्टर यांचा बास. फॉस्टर बासच्या तारा बोटांनी इतक्या जोरात खेचून सोडत की चारही मात्रा खालून ढकलल्यासारख्या पुढे सरकतात. पुढच्या काळात ज्या झोकदार लयीच्या जॅझला स्विंग म्हणून जगभर ओळखले गेले त्याची चाल त्या बासमध्ये स्पष्ट ऐकू येते. आर्मस्ट्राँग यांनी १९२९ मध्ये या मंडळींबरोबर मुद्रणे केली आणि १९३५ मध्ये हा संपूर्ण वाद्यवृंदच त्यांचा झाला. व्यवसायाच्या दृष्टीने ही बढती होती. परंतु त्या दिवसापासून फलकावर मोठ्या अक्षरांत आर्मस्ट्राँग यांचे नाव आले आणि लुइस रसेल हे मागचे नाव झाले. १९४३ मध्ये ते तिथून बाहेर पडले, काही वर्षे पुन्हा स्वतःचा वाद्यवृंद चालवला आणि १९४८ च्या सुमारास पूर्णवेळ संगीत सोडून दुकान चालवू लागले, पियानोच्या शिकवण्या घेऊ लागले. १९६३ च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा कॅथरिन सात वर्षांच्या होत्या.

म्हणजे ज्या बापाचा वारसा म्हणून आपण बोलतो त्याच्यासमोर बसून शिकण्याचे वय येण्याआधीच तो बाप गेलेला होता, आणि तोपर्यंत त्याच्या व्यवसायाचा सुवर्णकाळही ओसरला होता. घरात उरल्या त्या तबकड्या, कागद, गाण्यांचा साठा आणि कमावती आई.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की गाणाऱ्या घराने कॅथरिन यांना व्यासपीठ दिले नाही, ऐकण्याची सवय आणि गाण्यांचा साठा दिला. तो साठा स्वतःच्या नावाने गाण्याचा अधिकार त्यांनी दुसऱ्यांच्या मागे उभे राहून गाण्याच्या दीर्घ काळात कमावला. त्या काळाला 'संघर्षाची वर्षे' म्हणून बाजूला सारले जाते ते मला पटत नाही. माझ्या मते कारकीर्द तिथेच घडली. आपणा सर्वांचे मत वाचायला आवडेल.

अजनी क्वार्टर्स

ताई, धागा मनापासून आवडला. आमचे बालपण रेल्वेच्या क्वार्टरांत गेले. तिथल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांत नाताळाच्या सुमारास होणाऱ्या नाचाच्या कार्यक्रमांना वाद्यवृंद यायचा, आणि तो जे वाजवायचा त्याला जॅझ म्हणतात हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले. त्यामुळे हे संगीत आपल्याकडे अगदी परके कधीच नव्हते, एवढे सांगावेसे वाटते.

मुंबईच्या ताज हॉटेलात १९३५ च्या सुमारास लिऑन ऍबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा वाद्यवृंद आला आणि पुढे टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे पियानोवादक भारतातच राहिले. वेदरफोर्ड १९४५ मध्ये कलकत्त्याला वारले. त्यांच्याबरोबर वाजवून तयार झालेले गोव्याचे वादक नंतर हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा ही नावे जाणकारांना ठाऊक आहेत, पण त्या काळच्या तबकड्यांवर ती क्वचितच छापली जात. आपण लुइस रसेल यांच्याविषयी 'मागचे नाव' म्हणून जे लिहिले त्याची आपल्याकडची बाजू ही आहे. त्यांच्याही घरांत पुढच्या पिढ्या वाजवीत राहिल्या. घरात वाद्य असणे आणि घराला नाव असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि वारशाची चर्चा करताना आपण बहुधा दुसरीचाच विचार करतो.

एक विचारायचे होते. पहिल्या अल्बमपूर्वीच्या काळात कॅथरिन रसेल नेमके कोणाकोणाबरोबर गात होत्या?

धंतोलीची सूरपेटी

दादा, आपण दिलेली माहिती या धाग्याला फार उपयोगाची आहे. विशेषतः तबकडीवर नाव न छापण्याचा मुद्दा.

आपल्या प्रश्नाविषयी. त्यांनी आधी अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्स या नाट्यसंस्थेत शिक्षण घेतले. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण त्यांच्या गाण्यात शब्दाला जे पात्र असते, म्हणजे हे वाक्य कोण म्हणते आहे, कोणाला म्हणते आहे आणि का म्हणते आहे याची जी जाण असते, तिचे मूळ मला त्या शिक्षणात दिसते. पुढे बराच काळ त्या पार्श्वगायिका होत्या. आपल्या चित्रपटांच्या अर्थाने नव्हे, मुख्य गायकाच्या मागे उभे राहून साथीचे सूर गाणाऱ्या. स्टीली डॅन, पॉल सायमन, सिंडी लॉपर, जॅक्सन ब्राउन, रोझॅन कॅश अशी त्यांनी साथ केलेल्यांची नावे आहेत. यांतले बहुतेक रॉक आणि पॉपमधले. जॅझ गायिकेची उमेदवारी अशा ठिकाणी झाली हे पाहून आपल्याकडचा शुद्धतावादी रसिक दचकेल.

२००२ पासून त्या ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोई यांच्या संचात होत्या. तिथे त्या गात, शिवाय गिटार, कीबोर्ड आणि तालवाद्येही वाजवीत. २००४ च्या जूनमध्ये जर्मनीतील एका महोत्सवानंतर बोई यांच्या हृदयाच्या धमनीत अडथळा असल्याचे निष्पन्न झाले आणि तो जागतिक दौरा मध्येच थांबला. त्यानंतर दोन वर्षांनी 'कॅट' आला.

महालचा तबला

मी आकाशवाणीवर साथसंगत केलेला माणूस आहे. त्यामुळे धाग्याचा विषय जिव्हाळ्याचा असूनही एक आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते.

मागे उभे राहून गाण्याच्या वर्षांना कारकीर्द म्हणावे हे ऐकायला चांगले वाटते. परंतु साथीदार म्हणून जगणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते वर्ष कधीच येत नाही, ज्या वर्षी त्यांच्या नावाचा अल्बम निघतो. कॅथरिन रसेल यांना ते आले म्हणून आपण मागे वळून त्या वर्षांना साधना म्हणतो आहोत. त्यांना ते आले नसते तर? आपल्या नागपुरातच असे हार्मोनियमवादक होऊन गेले की गायकाच्या डोक्यात येण्याआधी पुढची जागा त्यांच्या बोटांत तयार असायची. आकाशवाणीने त्यांना श्रेणी दिली, बिदागी दिली, निवेदकाने कार्यक्रमाच्या शेवटी एकदा नाव घेतले, आणि तेवढ्यावर आयुष्य संपले. त्यांच्या घरीही संगीत होते. त्यांच्या मुलांनी मात्र बँकेत नोकऱ्या धरल्या, आणि त्यांना दोष देण्याची माझी तयारी नाही.

सूरपेटीताईंचा हेतू तसा नाही हे मला ठाऊक आहे. तरीही थांबण्याचे, उशीर होण्याचे आणि मागे राहण्याचे फार कौतुक केले की जे लोक साथीदारांना मागे ठेवतात त्यांची सोय होते. वाद्यवृंदातल्या गायिकेला किती मानधन मिळते, तिचे नाव छापले जाते की नाही, तिने घातलेली एखादी हरकत मुख्य गायकाच्या नावावर जमा होते की काय, हे प्रश्न आधी यायला हवेत.

धंतोलीची सूरपेटी

काका, आपला आक्षेप मी मनापासून स्वीकारते आणि तो या धाग्यात राहावा अशी माझी इच्छा आहे. साथीदाराला पुढे मोठे नाव मिळाले तरच त्याची आधीची वर्षे सार्थ ठरतात, असे मला अजिबात म्हणायचे नाही. मला उलट म्हणायचे होते. कॅथरिन रसेल २००४ नंतर एक शब्दही स्वतःच्या नावाने गायल्या नसत्या तरी त्या पहिल्या दर्जाच्या गायिकाच होत्या. आपल्याला ते कळायला अल्बमची वाट पाहावी लागली, हा आपल्या ऐकण्याचा दोष आहे.

मात्र एक भेद मला ठेवावासा वाटतो. मानधन आणि नाव यांचा अन्याय ही एक गोष्ट. त्या कामात हाताला येणारे ज्ञान ही दुसरी. दुसऱ्याच्या सुराला सूर लावताना आपल्या आवाजाचा कंप आवरावा लागतो, श्वास त्याच्या श्वासाबरोबर घ्यावा लागतो, शब्दाचे शेवटचे व्यंजन त्याच क्षणी मिटावे लागते. हे करून आलेली गायिका जेव्हा पुढे उभी राहते, तेव्हा तिला स्वतःच्या वादकांचे ऐकू येत असते. कॅथरिन यांचा वाद्यवृंदासह गायलेला कोणताही अल्बम लावा. गिटारवादक मॅट म्युनिस्टेरी एखादी ओळ वाजवीत असतील तर त्या तिथे शब्द घालीत नाहीत. जागा सोडतात. पहिल्यापासून पुढेच उभ्या राहिलेल्या पुष्कळ गायकांना हे आयुष्यभर साधत नाही.

रामदासपेठेतला श्रोता

मी या संगीताचा अभ्यासक नाही, पण बरीच वर्षे ऐकतो आहे, म्हणून त्यांच्या गाण्याच्या पद्धतीविषयी थोडे लिहितो. ज्यांनी जॅझ फारसे ऐकलेले नाही त्यांना त्यामुळे कान कुठे लावायचा हे कळेल.

जॅझ गायिका म्हटले की निरर्थक अक्षरांवर वेगाने तानांसारखे गाणे अनेकांना आठवते. कॅथरिन रसेल ते फार कमी करतात. त्यांची मूळ नाळ १९२० ते १९४० या काळातल्या ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची दुःख सांगणारी गाणी) आणि स्विंगशी आहे, आणि त्या गाण्यात शब्द सर्वांत महत्त्वाचा. जुन्या गाण्यांपैकी पुष्कळांचा आराखडा बत्तीस मापांचा (माप म्हणजे बहुधा चार मात्रांचा एक गट) असतो: आठ मापांची एक ओळ, तीच पुन्हा, मग आठ मापांचा वेगळा भाग, मग पहिली ओळ परत. आपल्याकडे स्थायीवर परत येताना जे समाधान मिळते त्याच्याशी याचे नाते आहे. पहिल्या वेळी त्या ओळ जवळजवळ लिहिल्याप्रमाणे गातात. दुसऱ्या वेळी शब्द मात्रेच्या किंचित मागे येतो, एखादे अक्षर लांबते, एखादे जवळजवळ बोलल्यासारखे टाकले जाते. शेवटच्या वेळी त्याच ओळीचा अर्थ पालटलेला असतो. ठुमरीत बोल बनविताना उत्तम गायिका जे करते त्याच्या फार जवळचे हे काम आहे, फक्त इथे चौकट अधिक आखूड आणि आवर्तन अधिक काटेकोर आहे.

ड्रमवर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येणारा ठोका ऐकत राहावे. गायिका मागे रेंगाळते तेव्हाही तो हलत नाही, आणि त्या दोघांमधल्या ताणातूनच स्विंग जाणवतो. त्या मागे रेंगाळतात, पण हरवत नाहीत. घरात पॉप्स फॉस्टर यांचा बास तबकडीवर वाजत असल्याचा हा परिणाम असावा असे मला वाटते. लय शिकवून येते, पण लयीविषयीचा निर्धास्तपणा लहानपणी कानावर पडलेल्या गोष्टींतून येतो.

'क्रेझी ब्लूज' हे गाणे नक्की ऐकावे. १९२० मध्ये मेमी स्मिथ यांनी गायलेल्या त्याच्या तबकडीमुळे कृष्णवर्णीय गायिकांच्या ब्लूज ध्वनिमुद्रणांचे दार उघडले. 'बोर्डवॉक एम्पायर' या दूरचित्रवाणी मालिकेसाठी कॅथरिन रसेल यांनी ते विन्स जिओर्डानो यांच्या वाद्यवृंदाबरोबर गायले, आणि त्या मालिकेच्या संगीताच्या अल्बमला २०१२ मध्ये ग्रॅमी हे अमेरिकेतले संगीत पारितोषिक मिळाले. तेव्हाच नव्वद वर्षांचे जुने झालेले गाणे असूनही त्यात जुन्या काळाची नक्कल कुठेही नाही. सरळ, भरदार आवाज आणि स्पष्ट शब्द.

गोकुळपेठ

सर्वांचे प्रतिसाद वाचून एक प्रश्न विचारण्याचे धाडस करते. प्रश्न घरगुती असला तरी विषयाला सोडून नाही.

आमच्या घरी सासरे कीर्तनाला पेटीची साथ करीत, यजमान हौसेने तबला वाजवतात. मुलगी सोळा वर्षांची आहे, शास्त्रीय संगीताच्या परीक्षा देते आहे. अलीकडे तिला शहरातल्या एका ऑर्केस्ट्रात समूहगायनासाठी बोलावले जाते. तिला ते फार आवडते. तिच्या बाईंचे मत असे की कोरसमध्ये गाऊन आवाजाची ओळख पुसली जाते आणि एकदा मागे उभे राहिले की लोक पुढे बोलावत नाहीत. या धाग्यावरून मला नेमके उलट वाटू लागले आहे, पण महालच्या तबलाकाकांचे वाचून पुन्हा शंका आली. आपण काय सांगाल?

महालचा तबला

ताई, माझ्या लिहिण्याने आपल्याला शंका आली असेल तर ती दूर करणे माझेच काम आहे.

मुलीला जरूर गाऊ द्या. कोरसमध्ये आवाजाची ओळख पुसली जाते हे अर्धेच खरे आहे. रोज सकाळचा स्वतःचा षड्ज भरणे चालू असेल तर ओळख कुठेही जात नाही; ते बंद पडले तर पुढे उभे राहूनही जाते. आवाज मात्र जपायला हवा. ऑर्केस्ट्रात वाद्यांचा आवाज मोठा असतो आणि स्वतःचे ऐकू आले नाही की मुले ओरडतात. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, नीट लावून मागावा, आणि तो मागण्यात संकोच करू नये. रात्री उशिरापर्यंत कार्यक्रम असेल तर दुसऱ्या दिवशी तार सप्तकात मेहनत करू नये.

आणि मानधन ठरवून घ्यावे. अगदी थोडे असले तरी ठरलेले असावे. सोळाव्या वर्षी लागलेली ही सवय पुढे उपयोगी पडते. कार्यक्रमपत्रिकेत समूहगायकांची नावे छापावीत असे आयोजकांना घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितले तर त्यात गैर काहीच नाही.

धंतोलीची सूरपेटी

काकांनी सांगितले त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे एकच आहे. तिने गायलेल्या प्रत्येक कोरसची मूळ गाणी पूर्ण पाठ करावीत, फक्त आपली ओळ नव्हे. कॅथरिन रसेल यांच्या अल्बममध्ये एरवी कोणी गात नाही अशी विस्मृतीत गेलेली गाणी सतत भेटतात. प्रसिद्ध गाणी पुन्हा पुन्हा गाण्याऐवजी त्या बेसी स्मिथ, एथेल वॉटर्स, डायना वॉशिंग्टन या जुन्या ब्लूज-जॅझ गायिकांच्या काळातली बाजूला पडलेली गाणी शोधतात. साठा असणे म्हणजे काय ते यातून कळते.

आता आई, कारण आतापर्यंतच्या चर्चेत वडील फार आले आणि आई कमी. हे अशा घरांविषयी बोलताना नेहमी घडते. कार्लिन रे १९२५ मध्ये हार्लेममध्ये जन्मल्या, १९४६ मध्ये ज्युलिअर्डमधून पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम' या स्त्रियांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवू व गाऊ लागल्या. हा वाद्यवृंद मिसिसिपीतील पायनी वूड्स या शाळेत १९३० च्या दशकात सुरू झाला होता. त्यात निरनिराळ्या वंशांच्या मुली एकत्र वाजवीत, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत वंशभेदाचे कायदे असताना अशा संचाने प्रवास करणे हे रोजचे संकट होते. पुढे कार्लिन रे यांनी १९५६ मध्ये, म्हणजे कॅथरिन जन्मल्या त्याच वर्षी, मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमधून गायनाची पदव्युत्तर पदवी घेतली. तान्ह्या मुलीच्या वर्षात पदव्युत्तर पदवी! मला हे वाक्य लिहितानासुद्धा त्यांच्याविषयी आदर वाटतो. पती गेल्यावर त्यांनी बास वाजवला, समूहगायन केले, जॅझ पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांच्याबरोबर काम केले. म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय समूहगानापासून जॅझपर्यंत जिथे अचूक वाचणारी आणि अचूक गाणारी स्त्री हवी असे, तिथे त्या जात.

कॅथरिन यांच्यासमोर रोजचे उदाहरण हे होते. संगीत हे काम आहे, वेळेवर पोचायचे असते, कागदावरचे वाचता यायला हवे, आणि मागे वाजवण्यात कमीपणा नाही.

रामदासपेठेतला श्रोता

या मुद्द्यावर किशोरी आमोणकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे तानपुऱ्यावर बसून त्यांनी आईचे गाणे वर्षानुवर्षे ऐकले, आणि दौऱ्यांत आईला जी वागणूक मिळे ती पाहिल्यामुळे पुढे कलावंताच्या मानाविषयी त्या किती काटेकोर झाल्या हे सर्वश्रुत आहे. वारसा म्हणून रागांच्या जोडीने हेही मिळते. आईने काय सोसले ते मुलीने पाहिलेले असते, आणि तिच्या कारकिर्दीतले कित्येक निर्णय तिथून येतात.

उशिराविषयीही एक सांगतो. वसंतरावांनी नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे गाणे शिकले आणि पुढे पुण्याला लष्कराच्या लेखा विभागात नोकरी केली. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ मध्ये आले तेव्हा त्यांची सत्तेचाळिशी झाली होती. त्या वयात महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. त्या नाटकातले त्यांचे खाँसाहेब एका रात्रीत उभे राहिले नव्हते, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको.

अजनी क्वार्टर्स

फारच चांगली चर्चा. आई आणि मुलगी यांनी एकत्र काही गायले आहे काय?

धंतोलीची सूरपेटी

होय दादा. २०१२ च्या 'स्ट्रिक्टली रोमान्सिन' या अल्बममध्ये 'ही इज ऑल आय नीड' हे गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीत, मायलेकींनी मिळून गायले आहे. तेव्हा आई ऐंशीच्या पुढे होत्या आणि आवाज खालच्या पट्टीतला, स्थिर. त्यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. इतकी वर्षे संगीतात काढलेल्या कार्लिन रे यांच्या स्वतःच्या नावाचा गाण्यांचा अल्बम निघालेला नव्हता. तो 'व्होकल साइड्स' या नावाने २०१३ मध्ये निघाला आणि त्याची निर्मिती मुलीने केली. त्याच वर्षीच्या जुलैत कार्लिन रे गेल्या, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी.

वडिलांच्या बाबतीतही असेच. २०१४ च्या 'ब्रिंग इट बॅक' या अल्बममध्ये त्यांनी वडिलांनी रचलेले 'लुसिल' हे गाणे गायले आहे. पुढे घरात जपून ठेवलेल्या जुन्या मुद्रणांतून लुइस रसेल आणि आर्मस्ट्राँग यांचे १९३८ ते १९४० या काळातले संगीत २०२३ मध्ये 'ऍट द स्विंग कॅट्स बॉल' या नावाने प्रसिद्ध झाले. आपण वारसा म्हणजे वरून खाली येणारी वस्तू समजतो. इथे मुलगी नावारूपाला आली आणि तिने आईवडिलांना त्यांचे तबकडीवरचे स्थान मिळवून दिले. महालच्या काकांनी ज्या अन्यायाविषयी लिहिले त्याची थोडी भरपाई तिने आपल्या हाताने केली, आणि म्हणूनच मला ही कारकीर्द एवढी प्रिय आहे.

महालचा तबला

हे मला ठाऊक नव्हते. आईचा अल्बम मुलीने काढला, यासाठी त्या बाईंना माझा नमस्कार. ज्यांच्या वडिलांच्या मुद्रणांच्या फिती घरात माळ्यावर पडल्या आहेत अशी दोन-तीन घरे मला इथेच माहीत आहेत. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि अशा उष्णतेत चुंबकीय फिती लवकर खराब होतात. त्यांचे डिजिटल रूपांतर करून घ्यावे म्हणून मी उद्यापासूनच त्यांच्या मागे लागणार आहे. हे काम करणाऱ्या कोणाची माहिती असल्यास मला व्यक्तिगत निरोप पाठवावा.

गोकुळपेठ

काका, ताई, आपले दोघांचे आभार. मुलीला धागा वाचायला दिला आहे. तिने विचारले आहे की सुरुवात कोणत्या अल्बमपासून करावी.

धंतोलीची सूरपेटी

तिला सांगावे की 'हार्लेम ऑन माय माइंड' (२०१६) पासून सुरुवात करावी. तो आणि 'अलोन टुगेदर' (२०१९) हे दोन्ही अल्बम जॅझ गायनाच्या विभागात ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोचले होते. 'हार्लेम'मध्ये वाद्ये भरपूर आहेत, लय खेळती आहे आणि शब्द लगेच कळतात. त्यानंतर वडिलांच्या वाद्यवृंदाचे १९२९ चे 'जर्सी लाइटनिंग' ऐकावे, म्हणजे बास कुठून आला ते तिला कळेल. आणि मग 'माय आयडियल' (२०२४), ज्यालाही तसेच नामांकन होते.

या शेवटच्या अल्बममध्ये पियानोवादक शॉन मेसन आणि कॅथरिन रसेल असे दोघेच आहेत. बास नाही, ड्रम नाही. मेसन वयाने त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण आहेत. लय धरणारे तिसरे कोणी नसल्याने दोघांनाही ती आपापसांत वाटून घ्यावी लागते. कधी पियानोवादकाचा डावा हात लय चालवतो, कधी तो थांबतो आणि गायिकेच्या शब्दांवरच गाणे पुढे जाते. मुलीने एकदा पियानोच्या डाव्या हाताकडे लक्ष ठेवून ऐकावे आणि दुसऱ्यांदा फक्त आवाज. कोरसमध्ये गाणाऱ्या मुलीला त्यातून पुष्कळ शिकता येईल, आणि तिला काय ऐकू आले ते तिने इथे लिहिले तर आम्हां सर्वांना वाचायला आवडेल.